साउंड कार्डातले कपॅसिटर: कुठला बदलायचा, कुठल्याला हात लावायचा नाही

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: कॉम्प्युटरच्या साउंड कार्डातले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) बदलले तर आवाज सुधारतो का? त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न (मुलुंड): माझ्याकडे २००५च्या सुमाराचं पीसीआय साउंड कार्ड आहे. आवाज आता भरीव वाटत नाही, मागे बारीक खरखर असते. एक मित्र म्हणतो, सगळे कपॅसिटर काढून महागडे ऑडिओ कपॅसिटर टाक. टाकू का?

उत्तर: सगळे नकोत. आधी कुठला कपॅसिटर काय करतो ते ओळखा. चिपजवळचे आणि व्होल्टेज रेग्युलेटरजवळचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाजवळचे) गोल इलेक्ट्रोलिटिक विजेचा पुरवठा स्वच्छ ठेवतात. जॅकच्या वाटेवरचे कपलिंग कपॅसिटर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर प्रवाह, अडवून फक्त आवाज पुढे सोडतात. ऑप-अँपभोवतीचे (आवाजाचा सिग्नल वाढवणाऱ्या चिपभोवतीचे) लहान सिरॅमिक किंवा फिल्मचे फिल्टरचं काम करतात. पहिले दोन प्रकार इलेक्ट्रोलिटिक असतील तर वयानं खराब होतात. तिसरा प्रकार आणि क्रिस्टलच्या (कार्डाचा ठोका देणाऱ्या भागाच्या) शेजारचे दोन चिमुकले सिरॅमिक यांना अजिबात हात लावू नका. फिल्टरच्या कपॅसिटरचं मूल्य बदललं तर वरच्या पट्टीतला आवाज बिघडतो आणि क्रिस्टलचे बदलले तर कार्ड सुरूच न होण्याची शक्यता असते.

वयाचा हिशेब असा. कपॅसिटरवर '८५ अंश, २००० तास' असं रेटिंग असेल, तर तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. मुंबईच्या मे महिन्यात, ग्राफिक्स कार्डाला खेटून बसलेल्या साउंड कार्डाजवळ ६५ अंश असले तर ते आयुष्य ८००० तास. रोज ८ तास कॉम्प्युटर चालला तर १००० दिवस, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. तोच कपॅसिटर १०५ अंशांचा असता तर ३२,००० तास, जवळजवळ अकरा वर्षं. म्हणून बदलताना १०५ अंशांचाच घ्या. ब्रँड कुठला, हा त्यानंतरचा प्रश्न.

इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कपॅसिटरमधला द्रव, सुकलं की ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, वाढतो आणि पुरवठ्यातली खरखर आवाजात उतरते. वरचं झाकण फुगलं असेल किंवा बुडाशी तपकिरी थर जमला असेल तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही. तसं काही दिसत नसेल तर ईएसआर मीटर लावा. मल्टिमीटरनं कपॅसिटन्स मोजायची असेल तर कपॅसिटर बोर्डावरून काढून मोजा, कारण बोर्डावर शेजारच्यांची बेरीजही आकड्यात येते. १०० मायक्रोफॅराडचा ८० ते १२० दाखवत असेल तर तो कपॅसिटन्सपुरता ठीक आहे.

प्रश्न (गिरगाव): स्पीकरवर तबला छान ऐकू येतो, पण इयरफोनवर डग्ग्याची घुमक हरवते. इयरफोन बदलले तरी तेच. हेडफोनच्या वाटेवर १०० मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर आहेत.

उत्तर: या ठिकाणी कपॅसिटर बदलून खरंच फरक पडतो, आणि तो आधीच मोजता येतो. कपलिंग कपॅसिटर आणि पुढचा रोध मिळून खालच्या सुरांची एक हद्द ठरते. १,५९,१५५ला ओहम आणि मायक्रोफॅराडच्या गुणाकारानं भागलं की ती हर्ट्झमध्ये मिळते. तुमचे इयरफोन १६ ओहमचे असतील तर हद्द जवळजवळ १०० हर्ट्झ! त्या सुराला आवाज ३ डेसिबल पडतो आणि त्याखाली उतरतच जातो. डग्ग्याचा घुमारा नेमका त्याच पट्टीत आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला हीच हद्द ५० हर्ट्झ.

तिथे ४७० मायक्रोफॅराड टाकले तर १६ ओहमला २१ हर्ट्झ आणि ३२ ओहमला साधारण ११ हर्ट्झ येतात. स्पीकरच्या अँप्लिफायरचा इनपुट १० हजार ओहमच्या आसपास असतो. त्याला १० मायक्रोफॅराडही पुरतात, हद्द १.६ हर्ट्झ येते. म्हणूनच स्पीकरवर तुम्हाला तबला बरा ऐकू येतो, आणि म्हणूनच फक्त लाइन आउट (अँप्लिफायरला जोडायचा जॅक) वापरणाऱ्यानं हे कपॅसिटर मोठे करून काही मिळत नाही.

जागा मोजूनच खरेदी करा. ६.३ मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरच्या पायांत २.५ मिलिमीटर अंतर असतं, ८ मिलिमीटरच्यात ३.५. तिथे १६ ऐवजी १० व्होल्टचा घ्यायचा मोह झाला तर आधी त्या जागेचं डीसी मोजा. २.५ व्होल्टच्या आसपास असेल तर १० व्होल्टचा चालतो. मोठा कपॅसिटर चार्ज व्हायला वेळ घेतो, त्यामुळे कॉम्प्युटर सुरू करताना 'धप्प' आवाज थोडा मोठा येईल. तेवढा वेळ इयरफोन कानात नकोत.

प्रश्न (परळ): पहिलाच कपॅसिटर काढताना भोकाभोवतीची तांब्याची चकती उखडली. २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न होती. काय चुकलं? आता कार्ड वाया गेलं का?

उत्तर: वाया गेलेलं नाही. चुकलं ते असं की पुरवठ्याच्या कपॅसिटरचा ऋण पाय बहुधा ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो. ते तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. २५ वॅटची आयर्न तिथे मिनिटभर धरून ठेवावी लागते, सोल्डर अर्धवट वितळतं, मग आपण ओढतो आणि चकती सुटते. तापमान ठरवता येणारी ५० ते ६० वॅटची आयर्न घ्या, ३५० अंशांवर ठेवा आणि टोक बारीक सुईसारखं नको, छिन्नीसारखं चपटं हवं.

युरोपात १ जुलै २००६पासून शिसं वापरायला बंदी आली, त्यामुळे त्यानंतरच्या कार्डांवर बहुधा शिसंविरहित सोल्डर असतं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. त्यावर आधी थोडं ६०/४० (कथील-शिशाचं) सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) टाका. दोन्ही मिसळलं की वितळण्याचं तापमान उतरतं. मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित त्या बाजूला कलता करा, दुसरा पाय तापवून दुसरीकडे. तीन-चार फेऱ्यांत तो स्वतःहून हातात येतो. ओढायची वेळ आली तर समजा, अजून तापलेलं नाही. भोक साफ करायला सोल्डर पंप वापरा. तरी उरलं तर तापवून लाकडी टूथपिक घाला, त्याला सोल्डर चिकटत नाही. पृष्ठभागावर बसणारे अॅल्युमिनियमच्या डब्यांचे कपॅसिटर पकडीनं पिरगळू नका, पॅड (खालचे तांब्याचे ठिपके) हमखास सुटतात. दोन आयर्ननी दोन्ही बाजू एकदम तापवा.

तुमच्या उखडलेल्या चकतीसाठी: तिथून निघणारा ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, शोधा, त्यावरचा हिरवा थर ३-४ मिलिमीटर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडा, उघड्या तांब्यावर सोल्डरचा पातळ हात द्या आणि नव्या कपॅसिटरचा पाय वाकवून त्या ट्रॅकवर आडवा जोडा. वरच्या बाजूच्या ट्रॅकशी जोडणी शाबूत आहे का, ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. नसेल तर बारीक तार टाका.

पाय जोडण्याआधी दिशा बघा. गोल इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण बाजू दाखवते, पण पिवळ्या टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजू दाखवते! बोर्डावरच्या छापील खुणेवर विसंबू नका, काही उत्पादक ती उलटी छापतात. काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढलेले सगळ्यात बरे.

प्रश्न (बोरिवली): सगळीकडे उत्तम दर्जाचे पॉलिमर कपॅसिटर टाकले. आता आधी नव्हती तशी बारीक शिट्टी ऐकू येते. कपॅसिटर खराब निघाले का?

उत्तर: कपॅसिटर बहुधा चांगलेच आहेत, जागा चुकली आहे. तीन पायांचा रेग्युलेटर बघा. एलएम १११७ असेल तर त्याच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) आउटपुटच्या कपॅसिटरचा ईएसआर ०.३ ते २२ ओहम असावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. पॉलिमरचा असतो १० ते २० मिलिओहम, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. अशा वेळी रेग्युलेटर स्वतःच कंप पावू लागतो आणि तो आवाज पुरवठ्यातून सगळीकडे पसरतो. रेग्युलेटरच्या आउटपुटला पूर्वीइतक्याच मायक्रोफॅराडचा साधा १०५ अंशांचा इलेक्ट्रोलिटिक परत लावा. रेग्युलेटरपासून लांबचे पॉलिमर राहू द्या, पण एकेक करून तपासा. पुढच्या वेळी एका बैठकीत दोन-तीनच कपॅसिटर बदला आणि कार्ड चालवून बघा. पंधरा एकदम बदलले की बिघाड कुठून आला ते सापडत नाही.

प्रश्न (दादर): लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नावाजलेल्या जपानी कपॅसिटरच्या नकला मिळतात, असं ऐकलं. ओळखायच्या कशा?

उत्तर: मल्टिमीटर सोबत न्या, जमलं तर ईएसआर मीटरही, आणि पाकीट घेण्याआधी दोन-तीन नग मोजा. छापील मायक्रोफॅराडच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर परत ठेवा. वेष्टनावरची छपाई बोटानं पुसली जाते का, एकाच पाकिटातल्या नगांच्या उंचीत फरक आहे का, पाय आधीच कापलेले आहेत का, ते बघा. कापलेले पाय म्हणजे जुन्या बोर्डावरून काढलेला माल. कमी ईएसआरची मालिका म्हणून दिलेला कपॅसिटर तिच्या डेटाशीटमधल्या व्यास-उंचीशी जुळलाच पाहिजे. खात्री पटेना तर ग्रँट रोड स्टेशनकडे परत वळण्यापूर्वी दुसऱ्या दुकानात साध्या मालिकेचे, पण ताजे १०५ अंशांचे घ्या. नकली 'ऑडिओ' कपॅसिटरपेक्षा ते केव्हाही चांगले.

बोर्डावरचा उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशनं धुऊन काढा. पावसाळ्यात तो दमट हवा शोषतो आणि शेजारच्या ट्रॅकमध्ये गळती सुरू होते. सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन बोर्डावर राहतं.

प्रश्न (माहीम): नवे कपॅसिटर १०० तास 'मुरवले' की आवाज खुलतो, हे खरं का? आणि माउस हलवला की कुरकुर येते, ती जाईल का?

उत्तर: नव्या इलेक्ट्रोलिटिकची गळती, म्हणजे त्यातून झिरपणारा प्रवाह, पहिल्या काही मिनिटांत, फार तर काही तासांत खाली येते. त्यापुढे शंभर तासांत बदलतात ते कान. म्हणून मोजा: काम सुरू करण्याआधी लाइन आउटमधून लाइन इनमध्ये साडेतीन मिलिमीटरची छोटी केबल टाकून राइटमार्क ऑडिओ अॅनालायझर हे मोजणीचं सॉफ्टवेअर चालवा, निकाल साठवा आणि काम झाल्यावर त्याच व्हॉल्यूमवर पुन्हा चालवा. नॉइजचा आकडा हलला नसेल तर फायदा झालेला नाही.

माउसची कुरकुर बहुतेक वेळा कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर यांच्या ग्राउंडमधून येते. तिला कपॅसिटर पुरे पडत नाहीत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, डेस्कटॉप असेल तर केबल कॉम्प्युटरच्या जॅकमधून काढून तिथे हेडफोन लावून बघा. कुरकुर गेली तर कॉम्प्युटर आणि अँप्लिफायरचे प्लग एकाच स्विचबोर्डावर घ्या आणि तिसरी पिन खरंच अर्थिंगला जोडलेली आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत ती अनेकदा नुसती शोभेची असते. एवढं करूनही राहिली तर आवाजाच्या केबलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) टाका. अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका.

कार्ड बसवल्यावर हेडफोन लावण्याआधी आउटपुटच्या जॅकवर डीसी मोजा. दोन-चार मिलिव्होल्ट ठीक. ५०च्या वर असेल तर एखादा कपलिंग कपॅसिटर उलटा बसला आहे किंवा गळतो आहे. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि तो पाय पुन्हा तपासा.