अपडेटनंतर बुकमार्क कुठे गेले?

प्रश्न : फायरफॉक्सची नवी आवृत्ती आल्यापासून ब्राउझर अडखळतो. म्हणून जुनी आवृत्ती टाकली, तर नवं प्रोफाइल तयार करायला सांगितलं आणि बुकमार्क, पासवर्ड सगळं गायब. परत मिळेल का?

उत्तर : मिळेल, काहीही पुसलेलं नाही. २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीचं प्रोफाइल (तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज असलेलं फोल्डर) जुनीत उघडू देत नाही, कारण नवी आवृत्ती आतल्या डेटाबेसची रचना बदलू शकते. नवी आवृत्ती पुन्हा बसवा, पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोफाइल्स’ (इंग्रजी अक्षरांत, about:profiles) टाइप करा आणि जुन्या प्रोफाइलला डीफॉल्ट करा. मग ब्राउझर पूर्ण बंद करून त्या प्रोफाइलचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. नुसती बुकमार्कची फाइल उचलू नका. पासवर्ड आणि ते उलगडणारी किल्ली वेगवेगळ्या फाइलींत असतात, एक राहिली की दुसरी निरुपयोगी.

आता अडखळण्याचं. हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड सुरू करा. त्यात अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी), थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्रं-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) तात्पुरते बंद होतात. (तिथे ‘रिफ्रेश’चंही बटण दिसतं, ते एवढ्यात दाबू नका; अ‍ॅड-ऑन उडतील.) त्या मोडमध्ये सुरळीत चाललं, तर नेहमीच्या मोडमध्ये येऊन एकेक अ‍ॅड-ऑन बंद करून पाहा. तरीही अडखळलं, तर सेटिंग्जमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) हे नेहमीचं दुखणं.

दर महिन्याचे बदलच नको असतील, तर फायरफॉक्सचीच ‘ईएसआर’ (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती घ्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, मोठे बदल साधारण वर्षातून एकदा. जुन्या आवृत्तीला चिकटून राहणं मात्र धोक्याचं.