जखमी जवानाचे नाव स्मृतिस्तंभावर कोरावे का?

प्रश्न : येत्या प्रजासत्ताकदिनी आमच्या गावात नव्या स्मृतिस्तंभाचे अनावरण होणार आहे. गावातील एका जवानास काश्मीरमधील चकमकीत वीरमरण आले, तर दुसऱ्या जवानाने सुरुंगस्फोटात एक पाय गमावला. त्यांचेही नाव स्तंभावर असावे असे काहींना वाटते. हुतात्म्याच्या पंक्तीत जिवंत माणसाचे नाव नको, असे इतरांचे म्हणणे आहे. वीरपत्नींनी व्यासपीठावर येण्यास नकार दिल्याने तरुण मंडळी नाराज आहेत. आम्ही काय करावे?
– एक ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : स्तंभावर केवळ दिवंगत जवानाचेच नाव कोरावे, असे आमचे मत आहे, मात्र त्याचे कारण जखमी जवानाचा त्याग उणा आहे हे नव्हे. स्मारकाची रीतच मृतांसाठी पडलेली आहे. आपल्याच जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी येथे इंग्रज सरकारने बसवलेला शिलालेख पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या त्या गावच्या ४६ जणांचे स्मरण करतो, आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रातही स्वातंत्र्योत्तर काळात धारातीर्थी पडलेल्यांचीच नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. या रीतीमुळे जखमी मात्र मागे राहतो. दगडावर त्याला जागा नसते आणि वर्षातून एकदा होणारे अभिवादन त्या दगडापुढेच होत असल्यामुळे, त्याच गर्दीत उभा असलेला तो कोणाच्या ध्यानीही येत नाही.

शासनाने जखमींची दखल घेतलेलीच नाही असे नाही. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकास पराक्रम पदक दिले जाते. पण परमवीर चक्र किंवा वीरचक्र ज्यांना ठाऊक आहे अशा किती जणांनी या पदकाचे नाव ऐकले असेल? सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक मिळवले, आणि त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. सुवर्णपदक मिळवणाऱ्याच्या वाट्याला ही प्रतीक्षा आली, तर पाय गमावून निमूटपणे शेती सांभाळणाऱ्याची आठवण गावानेच ठेवायला हवी.

म्हणून आपल्या जवानाचा गौरव त्यांच्या हयातीत, त्यांच्या समक्ष करावा. त्यांची संमती असल्यास ग्रामसभेत गौरवाचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा, कार्यक्रमात त्यांचे आसन पाहुण्यांच्या बरोबरीने मांडावे, आणि त्यांची पलटण, सेवेची वर्षे व जखमी होण्याचा प्रसंग त्यांनाच विचारून थोडक्यात वाचून दाखवावा. ‘बिचारे’, ‘अपंगत्वावर मात’ असली शब्दरचना निवेदकाने टाळावी. ग्रामपंचायत कार्यालयात गावातील आजी-माजी सैनिकांचा फलक लावल्यास तेथे त्यांच्या नावाला हक्काची जागा मिळेल. या साऱ्याआधी मात्र, स्तंभाविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे एकदा विचारावे; आपल्या पत्रात त्याचा उल्लेख आढळला नाही.

वीरपत्नींचा नकार हा अंतिम समजावा. अनेक ठिकाणी शाल-श्रीफळ, छायाचित्रे आणि पुढाऱ्यांची भाषणे यांत त्या माउलीला तासन् तास बसवून ठेवले जाते, आणि ज्या दिवसाची आठवण तिला नकोशी असते त्याचे वर्णन ध्वनिवर्धकावरून तिलाच ऐकवले जाते. हा सन्मान नव्हे. त्यांना गर्दीत बसावेसे वाटले तर बसू द्यावे, घरीच राहावेसे वाटले तर ठरावाची प्रत सरपंचांनी स्वतः घरी नेऊन द्यावी, आणि वीरमाता-वीरपिता असतील तर त्यांनाही स्वतंत्रपणे निमंत्रण द्यावे, कारण सुनेच्या सन्मानात सासू-सासऱ्यांचा, किंवा त्यांच्या सन्मानात सुनेचा, विसर पडतो आणि त्यातून घरात कायमची अढी बसते.

कोरायच्या मजकुराबाबत घाई करू नये. सैन्य क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, वीरमरणाचा दिनांक आणि ठिकाण हा तपशील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून व कुटुंबाकडून लेखी पडताळून घ्यावा. दगडावरची चूक पुसता येत नाही. देणगीदारांची व पदाधिकाऱ्यांची नावे त्या शिळेवर नकोत, फारच आग्रह झाला तर वेगळी लहान पाटी करावी. अनावरणासाठी स्तंभावर राष्ट्रध्वज पांघरण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु पुतळा किंवा स्मारक झाकण्यासाठी ध्वजाचा वापर करण्यास ध्वजसंहितेत मनाई आहे, तेव्हा साधे कापड वापरावे.

आणखी एक गोष्ट. व्यासपीठाला उंच पायऱ्या असतील, तर कृत्रिम पाय लावलेल्या माणसाला चारचौघांनी धरून वर चढवण्याचा प्रसंग आणू नये. शेजारी कठड्यासह उतरण करावी, नाहीतर सर्वच पाहुण्यांना खाली, मैदानात बसवावे.