झिगची ०.१५ आल्यावर लोक एवढे का चिडले? शिकायला घेतलेली भाषा सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरी बसून झिग ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली, जुने धडे बघून चार प्रोग्रॅम लिहिले, आणि तिची ०.१५ ही आवृत्ती टाकल्यावर त्यातला एकही चालेना. वर लोक रागावलेले दिसतात, म्हणून भाषा सोडावी का असं विचारताय. मी बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉपना मोजमापाचे, नोंदींचे लहान प्रोग्रॅम करून देतो. त्यातले दोन झिगमध्ये आहेत आणि दोन्ही ०.१५ वर आणलेत. सोडू नका, असं माझं मत. पण लोकांचा राग खोटा नाही, आणि सगळ्या तक्रारी एका वजनाच्याही नाहीत.

जास्त आरडाओरडा ज्यावर झाला त्या गोष्टी आधी. साधं 'हॅलो वर्ल्ड' छापायला आता बफर (मजकूर तात्पुरता साठवायची मेमरी) लागतो, तो मजकूर बाहेर टाकणारा राइटर लागतो, त्याच्या इंटरफेसचा, म्हणजे बाकीचा कोड ज्यातून त्याला वापरतो त्या भागाचा, पत्ता घ्यावा लागतो आणि शेवटी फ्लश, म्हणजे साठलेलं बाहेर ढकलणं. ॲरेलिस्टमध्ये, म्हणजे वाढत जाणाऱ्या यादीत, काही घालायचं तर दर वेळी मेमरी पुरवणारा ॲलोकेटर द्यायचा. स्वतःच्या टाइपला फॉरमॅट फंक्शन असेल तर तो छापताना महिरपी कंसात एफ लिहायचा. दुसरीकडची नावं सरसकट आत आणणारं यूजिंगनेमस्पेस गेलं. एक काम थांबलं असताना दुसरं चालवायची असिंक-अवेट ही सोय २०२३ च्या ०.११ पासूनच चालत नव्हती, आता ते शब्दही काढले. यादी लांबलचक आहे खरी, पण माझा दोनेक हजार ओळींचा प्रोग्रॅम यातून बाहेर काढायला दोन संध्याकाळी पुरल्या. कारण यातल्या बहुतेक ठिकाणी कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) अडतो आणि ओळ दाखवतो. ॲरेलिस्टचा जुना प्रकार 'मॅनेज्ड' या नावाने ठेवलाय, तेवढं नाव बदललं की काम पुढे सरकतं. ज्याच्या लायब्ररीवर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम उभे आहेत त्याचं दोन संध्याकाळींत भागत नाही, त्याने चिडावं हे बरोबरच आहे. तुमच्या-माझ्यासारख्याला एवढ्यासाठी भाषा टाकून द्यायचं कारण नाही.

मला घोर लावला तो दुसऱ्याच प्रकाराने, आणि त्याबद्दल बोललं मात्र कमी गेलं.

एका फौंड्रीत इंडक्शन भट्टीजवळ लाल आकड्यांचा बोर्ड आहे. पायरोमीटरचं तापमान रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर येतं, माझा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी वेळ आणि तापमान अशी एक ओळ स्टँडर्ड आउटपुटवर टाकतो आणि दुसरा छोटा प्रोग्रॅम ती उचलून बोर्डावर पाठवतो. ०.१५ वर आणलेला प्रोग्रॅम मी जुन्याच्या शेजारी, दुसऱ्या पायवर आणि दुसऱ्या बोर्डावर लावून बघत होतो. जुना बोर्ड १३८०, १३८६, १३९१ असा चढत होता. नवीन बोर्ड काळा. एररही नाही. भट्टीवरचे मामा म्हणाले, "जुनं बोलायलंय, नवीन मुकं झालंय की ओ!" वायर बघितली, पोर्ट बघितला, सगळं नीट. आणि अडीच मिनिटांनी नव्या बोर्डावर आकडे भराभर पळाले, शेवटच्या आकड्यावर थांबले आणि परत तसंच.

झालं होतं असं. माझी एक ओळ १४ बाइटची, बफर मी १०२४ बाइटचा दिलेला. म्हणजे ७३ ओळी साठेपर्यंत बाहेर काहीच येणार नाही. दोन सेकंदांनी एक ओळ धरली तर १४६ सेकंद. ओळ छापल्यावर फ्लश करायचं राहिलं होतं. चूक माझी, पण कंपायलरने हूं की चूं केलं नाही. जुन्या आवृत्तीत राइटरला बफरच नव्हता, छापलं की थेट बाहेर. त्यामुळे जुना कोड नव्या रूपात लिहिताना फ्लश सुचतच नाही. धातू ओतायला काढायच्या वेळी अडीच मिनिटांचं शिळं तापमान दिसणं काय असतं, हे भट्टीजवळ उभं राहिलेल्यालाच कळतं. दोन बोर्ड शेजारी-शेजारी होते म्हणून निभावलं.

असाच दुसरा खड्डा इंटरफेसचा. राइटरच्या इंटरफेसचा पत्ता घ्यायचा असतो, त्यासाठी पुढे ॲम्परसँड लागतो. तो विसरलात तर त्याची नक्कल होते, आणि आतला कोड त्या पत्त्यावरूनच मूळ राइटर शोधत असल्यामुळे नको त्या मेमरीत हात घालतो. कंपाइल मात्र विनातक्रार होतं. जो बदल ओरडून सांगतो त्याला मी घाबरत नाही. गप्प राहून वागणूक बदलणारे हे दोन मात्र आवृत्तीच्या माहितीत अगदी वर, ठळक अक्षरांत हवे होते, ही माझी खरी तक्रार.

मग राइटरचा हा बदल केलाच कशाला? पूर्वीचे राइटर जेनेरिक होते. एखादं फंक्शन तीन प्रकारच्या राइटरवर चालवलं की त्याच्या तीन प्रती तयार व्हायच्या. बफर वेगळा गुंडाळावा लागायचा, तो बहुतेक जण विसरायचे, आणि एक ओळ छापायला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, चार-चार फेऱ्या व्हायच्या. आता बफर इंटरफेसमध्येच आहे. बफर किती मोठा आणि कुठला, हे वापरणारा ठरवतो, आणि तो भरेपर्यंत आतल्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. भाषेचे कर्ते अँड्र्यू केली यांनी आवृत्तीच्या माहितीत हा बदल फार मोडतोड करणारा आहे असं कबूल करून माफी मागितली आहे आणि तरीही दिशा हीच असं सांगितलंय. मला ते पटतं. १.० या पहिल्या पक्क्या आवृत्तीच्या आधीच हे उरकलेलं बरं. नंतर केलं असतं तर जन्मभर दोन पद्धती सांभाळत बसावं लागलं असतं.

खूश झालेलेही बरेच आहेत. ६४-बिट एक्स८६ च्या लिनक्सवर डीबग बिल्डला, म्हणजे काम चालू असताना करायच्या बिल्डला, आता एलएलव्हीएम (मशीनचा कोड बनवून देणारी बाहेरची यंत्रणा) लागत नाही, झिगचं स्वतःचं बॅकएंड चालतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हा फरक पहिल्या दिवशीच जाणवला. पायसाठीचं बिल्ड ०.१५ मध्ये एलएलव्हीएममधूनच जातं, तिथे मला फायदा नाही. पण मी झिगकडे आलो तेच मुळी पायसाठी: लॅपटॉपवर एका कमांडमध्ये टार्गेट सांगायचं, तयार झालेली एकच फाइल पेनड्राइव्हवर घालून स्कूटरवरून फौंड्रीत न्यायची, तिथे काही इन्स्टॉल करायचं नाही. ही सोय कुठल्याही आवृत्तीत मोडलेली नाही.

आता तुमचं. धडा कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा आणि तीच आवृत्ती उतरवून घ्या. साधारण ५० एमबीची फाइल, सोडवली की झालं. तीन आवृत्त्या तीन फोल्डरमध्ये सुखाने राहतात. ०.१५ वरच नव्याने सुरू करायचं असेल तर ०.१५.१ नको, ०.१५.२ घ्या. 'झिग एसटीडी' ही कमांड दिली की स्टँडर्ड लायब्ररीची माहिती तुमच्याच मशीनवर उघडते. जुन्या व्हिडिओंपेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबतो.

गिऱ्हाइकाकडे दिलेल्या प्रोग्रॅमचा कंपायलर मी त्याच्या कोडसोबतच जपून ठेवतो. टायगरबीटल, घोस्टी हे नावाजलेले प्रोग्रॅमही झिगमध्येच आहेत, आणि तिथेही नवी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी कुणी उडी मारत नाही. ०.१५ च्या पुढे इनपुट-आउटपुटचा सगळा व्यवहार ॲलोकेटरसारखाच फंक्शनच्या हातात द्यायचं ठरलंय, म्हणजे आणखी एकदा कोड हलणार. तेव्हाही मी जुना पाय जागेवर ठेवूनच नवा शेजारी लावणार.

तुमच्या चार प्रोग्रॅमपैकी जो सगळ्यात लहान आहे तो आज ०.१५.२ वर आणून बघा. अडलात तर एररची पहिली ओळ इथे टाका, मी बघतो.