कोडिंग पक्कं आहे, पण बोलायला जमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये निभाव लागेल का?

लागेल. फक्त सॉफ्ट स्किल्स म्हणजे काय, हे कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्यांकडून शिकू नका. टाय कसा बांधायचा आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर कसं घोकायचं, यातच त्यांचा सगळा वेळ जातो. मी हिंजवडीत काम करतो. इथे टाय दिसतो तो नव्या पोरांच्या गळ्यात, पहिल्या दिवशी, तोही जेमतेम दुपारपर्यंत.

कामात लागतं ते वेगळंच. स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, ‘ऑलमोस्ट झालंय’ म्हणणारे पुष्कळ असतात. सोमवारी ऑलमोस्ट, गुरुवारीही ऑलमोस्ट. आमच्या टीममध्ये साताऱ्याकडचा एक मुलगा होता, मराठी माध्यमातला, मोजकं बोलणारा. तो सांगायचा ते असं: ‘एपीआय झाला. पेमेंट फेल झालं तर रिफंडचं काय करायचं, हे क्लायंटने सांगितलेलं नाही. बुधवारपर्यंत कळलं नाही तर शुक्रवारचं रिलीज हुकेल.’ इंग्रजी मोडकंतोडकं, पण फोन कोणाला लावायचा हे मॅनेजरला तिथल्या तिथे कळायचं. पुढे क्लायंटच्या कॉलवर त्यालाच बसवायला लागले, आणि फाडफाड इंग्रजी बोलणारे बघत राहिले. वाईट बातमी वेळेत आणि नेमकी सांगता येणं, माझ्या मते निम्मं सॉफ्ट स्किल हेच.

बघा ना, 4 जणांच्या टीममध्ये दोघादोघांच्या 6 जोड्या होतात, 10 जणांत थेट 45. एकाने गृहीत धरलेलं दुसऱ्याच्या गावीही नसतं, आणि घोळ तिथेच होतो. नासाने मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 1999 मध्ये असंच गेलं. एका टीमच्या सॉफ्टवेअरने आकडे पाउंडाच्या हिशेबात दिले, दुसऱ्या टीमने ते न्यूटनचे समजून वापरले. यानाच्या मार्गाबद्दल काहींना शंका आलीही होती, पण ती रीतसर नोंदवून वर गेली नाही. दोन्हीकडची माणसं हुशारच होती.

उरलेलं निम्मं कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, दिसतं. ‘हे काय लिहिलंय?’ अशी कमेंट आली की समोरचा आधी चिडतो, मग स्वतःचा बचाव करत बसतो. ‘लिस्ट रिकामी आली तर पुढची ओळ फुटेल’ म्हटलं की तो गप दुरुस्त करतो. यावर लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सचं नाव हमखास पुढे येतं: तो शिव्या घालायचा, तरी लिनक्स उभं राहिलंच की! राहिलं. पण सप्टेंबर 2018 मध्ये त्यानेच जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाला, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांसाठी, नवी आचारसंहिताही आली. शिवाय तो टॉरवाल्ड्स होता. आपलं कोण ऐकून घेणार?

अर्थात कोडच येत नसेल तर गोड बोलून फार दिवस निभत नाही. तुमचं तसं नाही, म्हणून एकच सवय सुचवतो. अडलात की सिनिअरला विचारा, पण काय करायला गेलात, काय व्हायला हवं होतं, नेमका एरर कोणता आला आणि तोवर काय काय करून पाहिलंत, हे चार ओळींत लिहून विचारा. नुसता ‘चालत नाहीये’ असा मेसेज आला तर लोक संध्याकाळपर्यंत लटकवतात. मीही लटकवतो.