पापाची जाणीव म्हणजे नेमकं काय? (रडू येत नाही म्हणून घाबरलेल्यांसाठी, आणि रडणं थांबत नाही म्हणून थकलेल्यांसाठीही)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण खरं तर ते दोन प्रश्न आहेत आणि एकमेकांच्या उलट आहेत. एकीकडे तुम्ही म्हणता की मंडळीत बाकीच्यांच्या साक्षी (देवाने आपल्याला कसं बदललं ते अनुभव) ऐकल्या, कोण ढसाढसा रडलं, कोण गुडघ्यांवर कोसळलं, आणि मला तसं कधी झालंच नाही, मग माझा पश्चात्ताप खरा का? आणि दुसरीकडे एक जुनी गोष्ट आहे, तिची माफी देवाकडे कितीतरी वेळा मागून झाली तरी ती रात्री डोकं वर काढतेच, तर हे पवित्र आत्म्याचं काम की दुसऱ्या कशाचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पापाची जाणीव ही फीलिंग नाहीये. फीलिंग सोबत येऊ शकते, कधी जोरात येते, कधी येतच नाही. जाणीव म्हणजे देव ज्याला पाप म्हणतो त्याला मीही कसलीही सबब न सांगता "हे माझं पाप" म्हणतो, ते देवाविरुद्ध आहे हे मला पटलेलं असतं, आणि ते पटल्यावर मी त्याच्यापासून पळायच्या ऐवजी त्याच्याकडेच जातो. आता यातला शेवटचा भाग, तो धड बघितला तर जाणीवेच्या पलीकडचा आहे, तो पश्चात्ताप आणि विश्वास झाला, पण लोक सगळं एकत्र कालवतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

वचनातलं मुख्य ठिकाण म्हणजे योहान १६. येशू शिष्यांना सांगतो की साहाय्यकर्ता, म्हणजे पवित्र आत्मा, येईल आणि पापाबद्दल जगाची खात्री पटवून देईल. पुढच्याच ओळीत तो कारण देतो, की ते माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत म्हणून. म्हणजे चोरी, खोटं, व्यभिचार ही यादी तिथे नाहीये! पापाच्या मुळाशी त्याने बोट ठेवलंय ते त्याला नाकारण्यावर. त्यामुळे ज्या जाणीवेत फक्त "मी किती वाईट, मी किती घाणेरडा" एवढंच चालू आहे आणि ख्रिस्ताचा पत्ताच नाही, ती अर्धवट आहे असं मी धरून चालतो. आणि अजून एक, हे काम आत्म्याचं आहे, उपदेशकाचं नाही. पुढे उभं राहून आवाज चढवून, म्युझिक हळू करून, लोकांना रडवता येतं, त्याला फार काही लागत नाही, पण कोणाची खात्री पटवून देता येत नाही. नवऱ्याला किंवा बायकोला "तुला जाणीव व्हावी म्हणून बोलतोय" म्हणणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्यावं.

आता दावीद. मला या विषयावर सगळ्यात जास्त शिकवलंय ते २ शमुवेल ११ आणि १२ ने. दावीद राजाचं दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबाशी झालेलं प्रकरण, मग तिचा नवरा उरीया याला लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवणं, आणि त्यानंतर बाळ जन्मेपर्यंत सगळं गप्प. राजा व्यवस्थित राज्य करतोय. नाथान संदेष्टा येतो आणि थेट आरोप करत नाही, एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, आणि दावीद ऐकून भडकतो, म्हणतो त्या श्रीमंताने चौपट भरून द्यावं, तो मरायलाच पाहिजे. बघा, पापाची चीड त्याच्यात भरपूर होती, न्यायाची समज पण होती, नियमशास्त्रातली चौपट भरपाई सुद्धा पाठ होती. फक्त ते पाप दुसऱ्याचं होतं. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. आणि दाविदाचं उत्तर एका वाक्याचं आहे, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. बस. त्या जागी रडण्याचा उल्लेखसुद्धा नाही, रडणं, उपास, जमिनीवर पडून राहणं हे नंतर येतं आणि ते बाळाच्या आजारपणासाठी.

स्तोत्र ५१ त्याच प्रसंगाशी जोडलेलं आहे आणि त्यात एक ओळ आहे जी बऱ्याच जणांना खटकते, तुझ्याविरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. अरे मग उरीयाचं काय? तो तर मेला ना? मलाही ते आधी पळवाटीसारखं वाटायचं. पण नीट बघितलं तर दावीद उरीयाला वगळत नाहीये, तो म्हणतोय की उरीया कोणाचा होता, ज्याने त्याला निर्माण केलं त्याचा. माणसाचं केलेलं नुकसान शेवटी कोणाच्या दारात जाऊन पडतं ते त्याला दिसलंय. नुसता गिल्ट आणि जाणीव यातला फरक मला इथे सगळ्यात साफ दिसतो. गिल्टमध्ये मला माझी प्रतिमा बिघडल्याचं दुःख असतं, पकडले जाऊ याची भीती असते, लोक काय म्हणतील असतं. जाणीवेत मधोमध देव असतो.

पुढे यहूदा आणि पेत्र, येशूचे दोन शिष्य, एकाच रात्रीतले दोघं. यहूदाकडे काय नव्हतं सांगा? मत्तय २७ वाचा. त्याला पस्तावा झाला, त्याने तोंडाने कबूल केलं की मी निर्दोष माणसाला पकडून देऊन पाप केलं, आणि ती चांदीची तीस नाणी परतही केली. भावना, कबुली, भरपाई, तिन्ही. पण तो गेला याजकांकडे, ते म्हणाले आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ, आणि तिथून तो एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, बाहेर जाऊन खूप रडला, आणि काही दिवसांनी किनाऱ्यावर पुन्हा उठलेला प्रभू आहे कळल्याबरोबर होडी किनाऱ्याला लागायची वाट न बघता पाण्यात उडी टाकली. पौल २ करिंथ ७ मध्ये देवाला अनुसरून होणारं दुःख आणि जगाचं दुःख असे दोन प्रकार सांगतो, एक तारणाकडे नेतं आणि दुसरं मरणाकडे, त्याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. कोणाचं दुःख जास्त खोल होतं हे मोजून काही उपयोग नाही, कदाचित यहूदाचंच असेल.

आणि जाणीव झाली की माणूस वळतोच असंही नाही. प्रेषितांची कृत्ये २४ मधला फेलिक्स बघा, पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यावर बोलतोय आणि हा सुभेदार चक्क घाबरतो, म्हणतो आता जा, सवड मिळाली की बोलावीन. ते पुस्तक लिहिणारा लूक पुढे हळूच सांगतो की त्याला पौलाकडून लाच मिळायची आशा होती. दोन वर्षं तो बोलावत राहिला, गप्पा मारत राहिला, आणि विषय तिथेच राहिला. म्हणून ज्यांना मोठमोठे अनुभव आलेत त्यांच्यावर फार जळू नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला यातच उत्तर आहे पण जरा इतिहासही सांगतो. अठराव्या शतकात अमेरिकेत मोठी संजीवनं (धर्मजागृतीच्या लाटा) झाली तेव्हा लोक सभांमध्ये किंचाळायचे, थरथरायचे, पडायचे, आणि भांडण लागलं की हे खरं की ढोंग. जोनाथन एडवर्ड्स हा प्रोटेस्टंट पाळक स्वतः त्या संजीवनांच्या बाजूचा माणूस, तरी १७४६ मध्ये त्याने छापून मांडलं की तीव्र भावना किंवा शरीरावर झालेला परिणाम हा काम देवाचं असल्याचा पुरावा नाही, आणि नसल्याचाही नाही. त्याने भर दिला तो बदललेल्या आचरणावर. कॅथलिक शिकवणीतही, ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) १५५१ मध्ये सांगितलं की नरकाच्या भीतीने किंवा पापाच्या ओंगळपणामुळे आलेलं अपुरं दुःख सुद्धा देवाचं दान आहे, पापनिवेदनाच्या संस्कारासाठी ते माणसाला तयार करतं. म्हणजे एरवी एकमेकांशी कडाक्याने भांडणाऱ्या दोन्ही बाजू अश्रूंचं माप लावत नाहीत.

शिवाय जाणीव दरवेळी दटावण्यातून येते असं कुठे आहे? लूक ५ मध्ये पेत्राला कोणी पापावर प्रवचन दिलं नव्हतं, येशूने फक्त जाळी भरून मासे दिले, आणि पेत्र गुडघ्यांशी पडून म्हणाला प्रभू माझ्यापासून जा, मी पापी आहे. चांगुलपणा समोर उभा राहिला आणि त्यातच तो उघडा पडला. शांतपणे, महिनोन् महिने वाचता वाचता एखाद्याला आपण कसे आहोत ते उमगत जातं, तीही जाणीवच. आणि छोट्या गोष्टीवरून सुद्धा होते, चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन चाळिशी उलटल्यावर आपली कबुली लिहितो तेव्हा सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर चोरलेल्या नासपतींवर पानंच्या पानं घालवतो, भूक नव्हती, फळं डुकरांना टाकली, केवळ मनाई आहे म्हणून मजा आली, हेच त्याला भयंकर वाटतं.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त सिरीयस आहे.

आत्मा जेव्हा जाणीव देतो तेव्हा ती बहुतेक वेळा नेमकी असते. हे बोललास, हे लपवलंस, याच्याकडे जा. त्यातून पुढे काय करायचं ते दिसतं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी (पवित्र आत्मा शिष्यांवर आला तो दिवस) पेत्राचं बोलणं ऐकून लोकांच्या काळजाला जे लागलं त्यातून लगेच प्रश्न निघाला की भावांनो आम्ही काय करावं, आणि पेत्राकडे उत्तर तयार होतं. याच्या उलट जे फक्त धुक्यासारखं पसरतं, काय केलं ते नीट सांगत नाही, किंवा कबूल करून सोडलेलं तेच तेच परत परत काढतं आणि पुढचा रस्ता काहीच दाखवत नाही, त्याला मी पवित्र आत्म्याचं नाव देणार नाही. प्रकटीकरण १२ मध्ये बांधवांवर रात्रंदिवस आरोप करणारा कोण आहे ते वाचा, तो सैतान आहे. आणि १ योहान १:९ मध्ये क्षमेची अट पापं पदरी घेणं एवढीच आहे, किती वेळा आणि किती रडून हे तिथे नाही.

यात तुम्ही एकटे अजिबात नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात तासन् तास पापं कबूल करत बसायचा, बाहेर आला की अजून एक आठवायचं, वरिष्ठ स्टाउपिट्झ त्याला वैतागून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगायचा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मॅन्रेसाला होता, सगळ्या आयुष्याची पापं लेखी कबूल करून आला होता तरी शंका संपेनात, आत्महत्येचे विचार येईपर्यंत गोष्ट गेली. शेवटी त्याने ठरवलं की जुनी कबूल केलेली पापं आता परत कबूल करायचीच नाहीत. म्हणजे आज्ञाधारकपणा काय तर कबुली न देणं! तुमच्या त्या एका गोष्टीबाबत मी तुम्हाला नेमकं हेच सांगेन. ती आठवली तर "हो केलं होतं, क्षमा झालीय" एवढं म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं, पुन्हा माफीची प्रार्थना करायची नाही, कितीही बेचैन वाटलं तरी.

आणि बेचैनी इतकी असेल की प्रार्थना बरोबर शब्दांत झाली की नाही म्हणून परत परत करावी लागतेय, झोप जातेय, किंवा जगणं नको वाटतंय, तर पाळकासोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा, आणि शेवटचं असेल तर आजच भेटा. ओसीडीचा एक प्रकार अगदी याच रूपात येतो, त्यावर उपचार आहेत, आणि उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

एकच गोष्ट तपासून घ्या. त्या जुन्या प्रकरणात कोणाचं काही देणं राहिलंय का, पैसे, खरी माहिती, माफी? कारण मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तसं काही राहिलं असेल तर टोचणी खरी आहे आणि ती देवाकडे अजून माफी मागून जाणार नाही, त्या माणसाकडे जाऊनच जाईल. जक्कय या जकातदाराने ज्यांना फसवलं त्यांना सगळ्यांसमोर चौपट परत देतो म्हटलं होतं. मात्र जाऊन सांगितल्याने त्या व्यक्तीची जखम उघडणार असेल आणि हलकं फक्त तुम्हाला वाटणार असेल, तर आधी एखाद्या समजूतदार, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाशी बोला. काही राहिलं नसेल तर मग वर लिहिलंय तसंच करा, आणि महिन्याभराने इथेच कळवा कसं चाललंय ते.