घरच्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवण्याच्या जागेत) शाडूच्या मूर्ती ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशने रंगवायच्या आहेत, हवेसाठी काय घ्यावं?

तुमचा ब्रश ०.३ मिमी नोझलचा आहे आणि घरच्या शाळेत थोड्याच मूर्ती असतात, म्हणजे काम साधारण १५ ते २५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबावर होईल. त्याला मिनिटाला २०-२५ लिटर हवा देणारा, १/५ एचपीचा ऑइल-फ्री (आत तेल न लागणारा) पिस्टन कंप्रेसर पुरतो. पण टाकीवालाच घ्या, ३ लिटरची असली तरी चालेल. टाकी नसली की पिस्टनचा ठोका नळीतून थेट ब्रशपर्यंत येतो आणि गालावरची छटा एकसारखी उतरत नाही. शिवाय टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, तिला निवायला वेळ मिळतो.

खरी काळजी पाण्याची घ्या. आपलं रंगकाम ऐन पावसाळ्यात येतं. हवा दाबून गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली, तर एवढासा कंप्रेसर तासभर सलग चालल्यावर जवळपास २० मिली पाणी सुटतं. त्यातला एक थेंब डोळ्यांच्या आखणीवर उडाला तर जलरंग तिथेच फुटतो, आणि देवाच्या डोळ्यांवर डागडुजी करायची वेळ कुणावरच येऊ नये. दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरजवळ वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारं भांडं, असतोच, पण तिथून निघताना हवा अजून कोमट असते आणि पुढे नळीत निवते. म्हणून ब्रशच्या मुठीजवळ बसणारा दुसरा छोटा ट्रॅप नक्की लावा. रोज काम संपलं की टाकीखालचा नळ उघडून पाणी काढा.

ओळखीत कुणाकडे गॅरेजचा २५-५० लिटरचा कंप्रेसर पडून असेल तर तोही चालेल. टाकी भरून बंद करायचा आणि शांतपणे रंगवायचं. तो तेलाचा असेल तर ऑइल फिल्टर हवाच, कारण शाडूवर तेल बसलं की वरचा रंग धरत नाही. कमी दाब बारीक फिरवून लावता येईल असा रेग्युलेटरही लागेल. हवेचे तयार कॅन मात्र घेऊ नका, वापरता वापरता ते गार पडतात आणि दाब उतरतो.

कंप्रेसरची जोडणी बहुधा १/४ इंची असते आणि ब्रशची १/८ इंची, तेव्हा ब्रश सोबत घेऊनच दुकानात जा. तिथे ब्रशचा ट्रिगर दाबून धरा आणि रेग्युलेटरवरचं दाब दाखवणारं गेज बघा. दाब लावायचा तो हवा वाहत असतानाचा. ट्रिगर सोडल्यावर काटा वर जातो, तो आकडा धरू नका.