डिफरन्शिअल बदलण्यासाठी कर्ज काढावे का?

आपण कळवले आहे की, रोज कामावर नेली जाणारी आणि वर्षातून काही वेळा ट्रॅकवर उतरणारी आपली रिअर-व्हील-ड्राइव्ह परफॉर्मन्स कार आहे. तिचे मागचे ओपन डिफरन्शिअल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची साधी जुळणी) काढून लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारे) बसवावे आणि त्याचबरोबर फायनल ड्राइव्ह रेशो (चाकांच्या एका फेऱ्यामागे डिफरन्शिअलकडे येणाऱ्या शाफ्टचे फेरे) ३.१५ वरून ३.७३ करावा, असा आपला विचार आहे. त्यासाठी १४ टक्के दराने तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळत असून आपत्कालीन निधी जेमतेम दोन महिने पुरेल इतकाच आहे.

ही इच्छा अवाजवी नाही. ओपन डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचे, भार हलका झालेले चाक फिरू लागले की बाहेरच्या चाकालाही तेवढाच तोकडा टॉर्क मिळतो. ट्रॅकवर ही उणीव खरोखर खटकते.

माझा आक्षेप कर्जाला आणि अंदाजपत्रकाला आहे. या कर्जावर तीन वर्षांत मुद्दलाच्या सुमारे २३ टक्के व्याज जाईल. अंदाजपत्रकात आपण फक्त युनिट आणि मजुरी धरली आहे. बेअरिंग, ऑइल सील, एकदाच वापरता येणारे बोल्ट आणि सुरुवातीच्या धावेनंतर पुन्हा बदलायचे गिअर ऑइल त्यात नाही. त्यातही रेशो ठरवणारे क्राउन व्हील आणि पिनियन हे दोन गिअर बदलले की पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण), शिम म्हणजे पातळ चकत्या घालून ठरवायचा बॅकलॅश (दातांमधली फट) आणि दातांचा परस्पर स्पर्श हे सारे अचूक जुळवावे लागते. जुळणी चुकली तर आधी घरघर सुरू होते, नंतर दात खराब होतात आणि संपूर्ण खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. शिवाय ३.७३ मुळे चाकांवरचा टॉर्क सुमारे १८ टक्के वाढेल, पण त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनचे फेरेही तितकेच वाढतील आणि रोजच्या प्रवासात इंधनाचा खर्च कायमचा चढेल. म्हणून रेशो आहे तोच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकार निवडतानाही पुढचा खर्च पाहावा. क्लच प्लेटचे डिफरन्शिअल ट्रॅकवर उत्तम, परंतु त्याच्या प्लेट झिजतात आणि कालांतराने ते उघडून दुरुस्त करावे लागते. हेलिकल, म्हणजे तिरप्या दातांच्या गिअरच्या, प्रकारात अशा झिजणाऱ्या प्लेट नसतात. एक चाक हवेत उचलले गेले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, ही मर्यादा आपल्या वापरात चालण्यासारखी आहे. आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीतील, त्याच रेशोचे संपूर्ण युनिट सुस्थितीत मिळाले तर सर्वांत बरे, कारण आतली जुळणी न उघडता ते अखंड बसवता येते. मात्र ड्राइव्ह शाफ्टचे फ्लँज (जोडणीच्या चकत्या) आणि सेन्सर जुळतात की नाही, हे आधी तपासावे. जुने युनिट विकू नये. गाडी विकताना अशा बदलांची पूर्ण किंमत सहसा मिळत नाही. तेव्हा मूळ युनिट परत बसवून नवे वेगळे विकता येईल.

कर्जाचा जो हप्ता आपण भरणार होता, तोच दरमहा स्वतःच्या खात्यात टाकल्यास व्याज न धरताही सुमारे ३० महिन्यांत मुद्दलाएवढी रक्कम जमते आणि रेशोचा बदल वगळल्यामुळे तेवढीही लागणार नाही. पहिले हप्ते मात्र आपत्कालीन निधी सहा महिन्यांवर नेण्यासाठीच वापरावेत. ट्रॅकचे टायर किंवा ब्रेक पॅड झिजले असतील तर त्यांचा क्रम डिफरन्शिअलच्या आधी लागतो. हा बदल विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर हाती आल्याशिवाय युनिटची मागणी नोंदवू नये, कारण न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला गेला तर गाडीचेच नुकसान आपल्याला सोसावे लागेल.